एक खुर्ची, १५५ फेऱ्या

आजचा भाग एका निवडणुकीबद्दल आहे. मतदार १५२, जागा एक, खरे उमेदवार दोन. एवढ्याशा निवडणुकीला किती वेळ लागावा? तासभर? फार तर एक दिवस? या निवडणुकीला जवळपास अडीच महिने लागले. मतदानाच्या १५५ फेऱ्या झाल्या. आणि शेवटी जो निवडून आला, तो त्या दोघांपैकी नव्हताच.

साल १९७९. ठिकाण न्यूयॉर्क, संयुक्त राष्ट्रांची आमसभा. जागा होती सुरक्षा परिषदेतली, फक्त दोन वर्षांची.

सुरक्षा परिषद म्हटलं की आपल्याला आठवतात पाच कायम सदस्य : अमेरिका, रशिया, चीन, ब्रिटन आणि फ्रान्स. आणि त्यांचा व्हेटो. भारताला कायम जागा कधी मिळणार, ही चर्चा तर आपल्याकडे बारमाही चालू असते. त्या गदारोळात उरलेल्या दहा खुर्च्या कोणाच्या लक्षातही राहत नाहीत. मग असा प्रश्न पडतो की ज्या खुर्चीला व्हेटो नाही, जी दोन वर्षांत सोडावी लागते, तिच्यासाठी जग १५५ वेळा मतदान का करेल?

आधी दहा खुर्च्यांचा हिशेब

परिषदेत एकूण १५ सदस्य. महत्त्वाचा ठराव मंजूर व्हायला किमान ९ मतं लागतात आणि पाचांपैकी कोणी व्हेटो वापरता कामा नये. आता गणित करून बघा. पाचही बडे देश एका बाजूला आले तरी त्यांची मतं पाचच. उरलेली चार या निवडून आलेल्यांकडूनच मागावी लागतात. आणि उलट बाजूने बघा. दहापैकी सात जणांनी हात वर केला नाही, तर बाकीचे आठ जण एक झाले तरी ठराव पडतो. म्हणजे एकट्या अस्थायी सदस्याकडे व्हेटो नसतो, पण सात जण मिळून तो तयार करू शकतात.

आणि हे ठराव म्हणजे नुसती भाषणबाजी नाही. निर्बंध लावायचे, शांतिसेना पाठवायची, या गोष्टी तिथे ठरतात. सनदेनुसार परिषदेचे निर्णय सगळ्या सदस्य देशांवर बंधनकारक असतात. त्यामुळे त्या टेबलावर कोण बसतं याला किंमत आहे.

सुरुवातीला खुर्च्या कमी होत्या. १२ जानेवारी १९४६ ला लंडनमध्ये पहिली निवडणूक झाली तेव्हा परिषद ११ जणांची होती. सहा जण निवडून आले : ऑस्ट्रेलिया, ब्राझील, इजिप्त, मेक्सिको, नेदरलँड्स आणि पोलंड. शेवटच्या जागेसाठी कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया यांच्यात अडलं होतं, कॅनडाने माघार घेतली आणि विषय तिथेच मिटला. या यादीतलं मेक्सिकोचं नाव मात्र लक्षात ठेवा, ते परत येणार आहे.

पुढच्या वीस वर्षांत आशिया-आफ्रिकेतले देश एकामागून एक स्वतंत्र झाले. संयुक्त राष्ट्रं ५१ देशांनी सुरू केली होती, तो आकडा शंभराच्या पुढे गेला. पण टेबल तेवढंच. म्हणून १९६३ मध्ये सनदेत दुरुस्ती झाली, १९६५ मध्ये ती लागू झाली आणि सहाच्या दहा खुर्च्या झाल्या. वाटणीही ठरली : आफ्रिका आणि आशियाला मिळून पाच, पूर्व युरोपला एक, लॅटिन अमेरिका आणि कॅरिबियनला दोन, पश्चिम युरोप आणि इतरांना दोन. दर वर्षी यातल्या पाच रिकाम्या होतात. मुदत संपलेल्या देशाला लगेच पुन्हा उभं राहता येत नाही. वाटणीची ही व्यवस्था आजही तीच आहे.

नियमाच्या पुस्तकातलं लूप

आता नियम ऐका, कारण सगळी गंमत तिथेच आहे.

पहिला नियम, अधिकृत नामांकन नाही. देश वर्षानुवर्षं प्रचार करतात, पण कागदोपत्री उमेदवार असा कोणी नसतो. मतपत्रिकेवर पात्र असलेल्या कोणत्याही देशाचं नाव लिहिता येतं.

दुसरा, मतदान गुप्त.

तिसरा, जिंकायला हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश मतं हवीत. बिनविरोध असलात तरी ही अट आहेच. १९७९ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे १५२ सदस्य होते. सगळ्यांनी मतदान केलं तर १०२ मतं लागणार. म्हणजेच ५१ देशांनी ठरवलं की अमुक एक नको, तर तो येत नाही.

आणि कोणालाच दोन तृतीयांश मिळाली नाहीत तर? तर पुन्हा मतदान. आधी आघाडीवरच्या दोघांमध्येच फेऱ्या घ्यायच्या. तरी जमलं नाही तर तीन फेऱ्या खुल्या, कोणाचंही नाव लिहा. मग परत तीन फेऱ्या फक्त पहिल्या दोघांत. मग परत तीन खुल्या. असं कधीपर्यंत? तर कोणीतरी निवडून येईपर्यंत.

माझ्यासारख्या कोड लिहिणाऱ्या माणसाला हे वाचून घाम फुटतो. हा सरळसरळ व्हाइल लूप आहे आणि त्यात बाहेर पडायची अट एकच, जी कदाचित कधीच पूर्ण होणार नाही. टाइमआउट नाही. फेऱ्यांची कमाल मर्यादा नाही. कोड रिव्ह्यूमध्ये असं काही आलं तर आम्ही ते परत पाठवतो.

पण थांबा. त्याच नियमात जरा वर बघितलं तर चिठ्ठीची सोय दिसते. जिथे साधं बहुमत पुरेसं असतं अशा निवडणुकीत समसमान मतं पडली, तर अध्यक्षाने चिठ्ठी टाकून निकाल लावायचा, आपल्याकडे ग्रामपंचायतीत लावतात तसाच. म्हणजे नियम लिहिणाऱ्यांना चिठ्ठी माहीत होती. दोन तृतीयांश लागणाऱ्या निवडणुकीसाठी मात्र त्यांनी ती ठेवली नाही. तिथे लिहिलं, मतदान चालू ठेवा.

हे का केलं असेल, ते १९७९ ची गोष्ट ऐकली की कळतं.

क्युबा विरुद्ध कोलंबिया

त्या वर्षी लॅटिन अमेरिकेच्या वाट्याची एक जागा रिकामी होणार होती. बोलिव्हियाची मुदत ३१ डिसेंबरला संपत होती. सहसा काय होतं, तर त्या त्या भागातले देश आपसात बसून एक नाव ठरवतात आणि आमसभेत नुसता शिक्का बसतो. या वेळी घरातच एकमत झालं नाही. दोन नावं आली.

एक क्युबा. फिडेल कास्ट्रो तेव्हा ऐन भरात होते. सप्टेंबर १९७९ मध्ये हवानाला अलिप्ततावादी देशांची शिखर परिषद झाली आणि क्युबा त्या चळवळीचा अध्यक्ष झाला. १२ ऑक्टोबरला कास्ट्रो स्वतः न्यूयॉर्कला येऊन आमसभेत बोलले. पण क्युबाचं सैन्य अंगोला आणि इथिओपियात होतं, डोक्यावर सोव्हिएत संघाचा हात होता. अलिप्त म्हणवणाऱ्यांपैकी अनेकांनाही हे खटकत होतं. सोव्हिएत गट हा आपला नैसर्गिक मित्र आहे, ही क्युबाची मांडणी युगोस्लाव्हियाच्या टिटोंनी हवानातच धुडकावली होती.

दुसरा कोलंबिया. अमेरिकेला क्युबा त्या टेबलावर नकोच होता, त्यामुळे तिचं आणि तिच्या मित्रांचं वजन कोलंबियाच्या पारड्यात.

२६ ऑक्टोबरला मतदान सुरू झालं. बाकीच्या चार जागा सुटल्या : पूर्व जर्मनी, नायजर, फिलिपिन्स आणि ट्युनिशिया. पाचवीवर गाडं अडलं. क्युबा पुढे होता, पण दोन तृतीयांशाच्या जवळ जात नव्हता. कोलंबिया मागे होता, पण क्युबाला अडवण्याइतकी मतं राखून होता. फेरी झाली, मतपत्रिका मोजल्या, निकाल वाचला, कोणीच नाही. पुन्हा मतपत्रिका वाटा. नोव्हेंबर गेला. डिसेंबर आला. तीन फेऱ्या दोघांत, तीन खुल्या, तीन दोघांत, तीन खुल्या.

अध्यक्षस्थानी होते टांझानियाचे सलीम अहमद सलीम. नियतीची गंमत बघा. दोनच वर्षांनी, १९८१ मध्ये, हेच सलीम महासचिवपदासाठी उभे राहिले आणि तशाच कोंडीत सापडले. कुर्ट वाल्डहाइम यांना चीन अडवत होता आणि सलीम यांना अमेरिका. शेवटी पद मिळालं ते पेरूच्या हाविएर पेरेझ दे क्वेयार यांना.

परत १९७९ मध्ये येऊ. सभागृहात चिठ्ठ्या मोजल्या जात असताना बाहेर जग थांबलेलं नव्हतं. ४ नोव्हेंबरला तेहरानमध्ये अमेरिकेच्या दूतावासावर विद्यार्थ्यांनी ताबा मिळवला आणि कर्मचाऱ्यांना ओलीस ठेवलं. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात घुसल्या, २७ डिसेंबरला काबूलमध्ये राष्ट्राध्यक्ष हफीझुल्ला अमीन मारले गेले.

आणि ३१ डिसेंबरला बोलिव्हिया उठून गेला. १ जानेवारी १९८० ला सुरक्षा परिषदेत १५ ऐवजी १४ सदस्य होते. सनदेत १५ लिहिलंय. शीतयुद्धातलं एक मोठं संकट दारात उभं, आणि ज्या संस्थेने ते हाताळायचं तिची एक खुर्ची रिकामी. ५ जानेवारीला परिषद अफगाणिस्तानवर चर्चेला बसली ती १४ जणांनिशीच.

आता क्युबाची अवस्था काय झाली असेल बघा. तो अलिप्त चळवळीचा अध्यक्ष. अफगाणिस्तान त्याच चळवळीचा सदस्य. आणि घुसखोर कोण, तर क्युबाचा पाठीराखा. बोलावं तर पंचाईत, न बोलावं तरी पंचाईत. जी मतं अडीच महिने टिकली होती ती गळायला लागली. शेवटी क्युबाने माघार घेतली, कोलंबियानेही घेतली आणि एक तिसरं नाव पुढे आलं : मेक्सिको. ७ जानेवारी १९८०, फेरी क्रमांक १५५. मेक्सिको निवडून आला.

तिसऱ्याचा लाभ?

आपल्याकडे म्हणतात ना, दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ. इथे ती म्हण अर्धीच लागू पडते, कारण तिसऱ्याला तो लाभ फारसा नको होता.

१९४६ मध्ये पहिल्या निवडणुकीत आलेला मेक्सिको वर्षभराची मुदत संपल्यावर पुन्हा कधी या परिषदेत गेला नव्हता. तेहतीस वर्षं. हे ठरवून होतं. दुसऱ्याच्या घरात ढवळाढवळ करायची नाही, हे त्यांच्या परराष्ट्र धोरणाचं मूळ सूत्र आणि शेजारी कोण, तर अमेरिका. त्या टेबलावर बसलं की प्रत्येक मतदानात एक तर शेजाऱ्याला दुखवायचं किंवा स्वतःच्या सूत्राला. त्यापेक्षा लांब राहिलेलं बरं.

त्या मेक्सिकोला खुर्चीत बसताक्षणीच परीक्षा द्यावी लागली. ज्या दिवशी निवड झाली त्याच दिवशी, ७ जानेवारीला, अफगाणिस्तानातून परकीय फौजा मागे घेण्याची मागणी करणारा ठराव मतदानाला आला. बाजूने १३, विरोधात २. विरोध करणारे सोव्हिएत संघ आणि पूर्व जर्मनी. व्हेटोमुळे ठराव पडला, पण त्या तेरा मतांत मेक्सिकोचं मत होतं. सहा दिवसांनी, १३ जानेवारीला, दुसरा ठराव आला, ओलीस प्रकरणी इराणवर निर्बंध लावण्याचा. हा अमेरिकेचा जिव्हाळ्याचा विषय. बाजूने १० मतं पडली, सोव्हिएत संघाने व्हेटो वापरला. आणि मेक्सिको? तटस्थ राहिला.

एका आठवड्यात एकदा सोव्हिएत संघाच्या विरोधात मत, आणि एकदा अमेरिकेला हवं ते मत नाही. त्या जागी क्युबा असता तर पहिलं मत कुठे गेलं असतं, याचा अंदाज बांधायला फार लांब जावं लागत नाही. १४ जानेवारीला आमसभेत अफगाणिस्तानवर ठराव आला, तो १०४ विरुद्ध १८ ने मंजूर झाला आणि त्या १८ मध्ये क्युबा होता. कोलंबिया असता तर इराणवर काय केलं असतं? ते कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण अमेरिकेच्या जोरावर निवडून आलेल्याला अमेरिकेला नाही म्हणणं अवघड गेलं असतं, एवढं म्हणता येईल.

आता ते लूप परत बघा. मला वाटतं, ते चुकून तसं राहिलेलं नाही. सर्व्हरच्या जगात राफ्ट नावाचा अल्गोरिदम आहे. तिथेही नेता निवडताना मतं फुटतात. मग प्रत्येक सर्व्हर काही मिलीसेकंद थांबतो, कोण किती थांबणार हे नशिबावर, आणि पुन्हा मतदान होतं. तिथे चालतं, कारण कुठलाही सर्व्हर नेता झाला तरी काम तेच होतं. इथे कोण निवडून येतो यावरच सगळं अवलंबून. चिठ्ठी टाकली असती तर जगातल्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त देशांना नको असलेला देश त्यांच्या वतीने युद्ध आणि शांततेवर मत देत बसला असता. नियम म्हणतो, तसं होऊ देणार नाही. थकेपर्यंत मतदान करा, आणि थकलात की बाहेर जाऊन एकमेकांशी बोला. लूपमधून बाहेर पडायची वाट सभागृहाच्या आत ठेवलेलीच नाही.

याची किंमत आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. जानेवारीचा पहिला आठवडा एक खुर्ची रिकामी होती, आणि तो कुठला आठवडा होता ते आपण पाहिलं. कोंडी फुटली तीही समजूतदारपणामुळे कमी आणि काबूलमध्ये घुसलेल्या रणगाड्यांमुळे जास्त. अफगाणिस्तान घडलं नसतं तर फेऱ्या कदाचित दोनशेवर गेल्या असत्या.

दुसऱ्या वाटा

कोंडी फोडायची आणखी एक युक्ती आहे, आणि ती आपल्याला नीट कळेल, कारण आपल्याकडे सरपंचपद सुद्धा तशीच वाटून घेतात. १९५९ मध्ये पोलंड आणि तुर्कस्तान अडले. पन्नासहून जास्त फेऱ्या झाल्या आणि मग तोडगा निघाला : पहिलं वर्ष पोलंड, दुसरं तुर्कस्तान. २०१६ मध्ये इटली आणि नेदरलँड्स पाचव्या फेरीत ९५-९५ वर अडकले. त्यांनी फार ताणलं नाही. २०१७ इटलीने घेतलं, २०१८ नेदरलँड्सने.

ही वाट सोपी आहे, पण दोघांत तेवढं सख्य लागतं. २००६ मध्ये ते नव्हतं. पुन्हा लॅटिन अमेरिकेचीच जागा. एका बाजूला ग्वाटेमाला, मागे अमेरिका. दुसऱ्या बाजूला ह्यूगो चावेझ यांचा व्हेनेझुएला. चावेझ यांनी मतदानाच्या काही आठवडे आधी आमसभेच्या व्यासपीठावरून अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना सैतान म्हटलं होतं. ४७ फेऱ्या झाल्या. सहाव्या फेरीत तर ९३-९३. शेवटी ४८ व्या फेरीत पनामा. पटकथा १९७९ चीच, फक्त या वेळी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातच दोघांनी मिळून तिसरं नाव शोधलं. डिसेंबर संपायची वाट पाहिली नाही.

आणि आपण

भारताची गोष्टही या गुप्त चिठ्ठ्यांशी जोडलेली आहे. भारत या परिषदेत आठ वेळा निवडून गेला आहे, पहिल्यांदा १९५०-५१ साठी. पण १९९६ मध्ये आशियाच्या जागेसाठी भारत जपानसमोर उभा राहिला आणि निकाल लागला जपान १४२, भारत ४०. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये भारताने जिनिव्हात अणुचाचणी बंदी करार अडवला होता. त्या भूमिकेवर आजही वाद घालता येईल, पण मतपत्रिका उघडल्या तेव्हा आकडा चाळीसच होता.

त्यानंतर भारत थेट २०१० मध्ये उभा राहिला, तेही आधी बोलणी करून. कझाकस्तानने भारतासाठी माघार घेतली आणि १९० पैकी १८७ मतं मिळाली. पुढच्या वेळी अफगाणिस्तानने आपली उमेदवारी भारतासाठी काही वर्षं आधीच मागे घेतली आणि जून २०२० मध्ये १९२ पैकी १८४ मतं पडली. बातम्यांमध्ये आपण हे आकडे विजयाचे म्हणून वाचले. पण खरं काम त्या दिवशी झालेलं नव्हतं. ते आधीच्या वर्षांत, सभागृहाबाहेर, एकेका देशाशी बोलून झालेलं होतं. १५५ फेऱ्यांमधून जे शेवटी करावं लागलं, तेच इथे आधी केलं.

भारताने २०२८-२९ च्या जागेसाठीही उमेदवारी जाहीर केलेली आहे. आज संयुक्त राष्ट्रांचे १९३ सदस्य आहेत, म्हणजे सगळे हजर असतील तर १२९ मतं लागतील. सुरक्षा परिषदेच्या निवडणुका आता जूनमध्ये होतात. त्या दिवशी कधी ते थेट प्रक्षेपण फोनवर लावून बघा. मोठमोठे राजदूत कागदावर एका देशाचं नाव लिहितात, घडी घालतात आणि पेटीत टाकतात. दिसायला आपल्या सोसायटीच्या निवडणुकीसारखंच. कंटाळा आला तर क्रमांक १५५ आठवा.

आजच्यापुरतं एवढंच. भेटू पुढच्या भागात. तोवर, ऐकत राहा.